तिबेटी लोक लोसारला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, खातात तो ड्रोमा कंद, ते गरिबांचं खाणं, घरी कुंडीत लावता येईल का?

रोप जगेल कदाचित, पण खाण्याजोगे कंद मिळणार नाहीत. ड्रोमाची वनस्पती, पोटेंटिला अन्सेरिना, युरोपातही रस्त्याकडेला वाढते, पण तिथे मुळं बारीकच राहतात. ती फुगतात तिबेटच्या थंड, उंच पठारावर. आपल्या उन्हाळ्याचं तर बोलायलाच नको.

पण तुम्ही प्रश्नात 'गरिबांचं खाणं' असं लिहिलंत, म्हणून उत्तर द्यायला बसलो.

गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. आम्ही तिला कॅम्पच म्हणतो. कॉलेजपासूनचा माझा एक मित्र तिथला. एका लोसारला त्याच्या आईने मला आणि दादाला बोलावलं. आधी हातात ड्रेसिलची वाटी आली: भात, लोणी, साखर, मनुका आणि तपकिरी, सुरकुतलेले, करंगळीच्या पेराएवढे ड्रोमा. प्रत्येकाच्या खाचेत माती अडकते. आईंनी ते भिजवून, एकेक बोटांनी चोळून साफ केले होते. दादाने ते चमच्याने कडेला सारले आणि मला म्हणाला, "मुळं खायची वेळ अजून आली नाही आपल्यावर." आईंची निम्मी हयात नागपुरात स्वेटर विकण्यात गेलेली. त्यांना मराठी कळत नाही असं त्याला वाटलंच कसं? त्यांनी निमूट त्याच्या कपात चहा ओतला. मला अजूनही तो राग आहे.

हाच दादा आषाढीला रताळं मागून मागून खातो. रताळं मूळ नाही तर काय आहे? ड्रोमाची चवही जवळपास तशीच, पिठूळ आणि किंचित गोड. वर्षाच्या पहिल्या दिवशी पाहुण्याच्या हातात कुणी हलकं खाणं ठेवत नाही. शिवाय हे फुकटही येत नाही. झाड जमिनीलगत लाल धुमारे सोडत पसरतं, फूल पिवळं पाच पाकळ्यांचं, पानं खालून चंदेरी. कंद काढायचे ते वसंतात नवी पानं फुटायच्या सुमारास, नाहीतर शरदात पाला वाळल्यावर, गारठलेल्या मातीत वाकून, एकेक.

तेव्हा कुंडीचा नाद सोडा. लोसारच्या आधी जवळच्या तिबेटी वसाहतीत चौकशी करा, वाळवलेले कंद मिळाले तर घ्या. आणि घरातलं कुणी नाक मुरडणार असेल तर त्याला वाढूच नका.

एक राहिलं. हिमालयात ट्रेकला गेलात तर ड्रोमा समजून स्वतः काही उकरून तोंडात घालू नका. तिथल्या उंचीवर बचनागही उगवतो, त्याचं मूळ जीव घेतं.