सिनेमातली बाहेरून लावलेली कडी

“परवा मुद्दाम दादाला घेऊन एक सिनेमा पाहिला. दारूत बुडालेल्या भावाला बहीण खोलीत कोंडते, बाहेरून कडी लावते आणि तीन दिवसांनी तो माणसात येतो. आई ढसाढसा रडली. मला मात्र त्या नायकाचा रागच आला. दादा मध्येच उठून गेला, परत आल्यावर म्हणाला, ‘अति दाखवलंय.’ आम्हीही त्याला असंच कोंडावं का? आणि मला रडू का आलं नाही? (रात्री त्याची किल्ली कुलपात कितव्यांदा बसते, यावरून मला अंथरुणातच कळतं, आज काय होणार ते.)”
– एक बहीण

अगं, आधी त्या कडीचं बोलू. अजिबात कोंडू नकोस. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भास होतात, ताप चढतो, भान सुटतं. यात जीवही जाऊ शकतो. सिनेमात नेमके हेच दिवस एका गाण्यात उरकतात! दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ते फिट टाळणारी औषधं देतात, बी-1 जीवनसत्त्व देतात. बाटल्या लपून ओतून देण्याचा उद्योगही नको.

आता रागाचं. किल्लीची ओळ तू कंसात टाकलीस, पण माझ्या मते खरं पत्र तेवढंच आहे. अशा सिनेमात कॅमेरा पिणाऱ्याच्या मागे फिरतो. बहिणीच्या वाट्याला कडी लावण्यापुरतं काम. कुलपाकडे कान लावून पडलेली मुलगी पडद्यावर कुठे होती? मग रडणार कुणासाठी?

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस हा दारू सोडू पाहणाऱ्यांचा मदतगट 1935 मध्ये दोघा पिणाऱ्यांनीच सुरू केला. घरच्यांसाठी वेगळं अल-अ‍ॅनॉन उभं राहायला 1951 उजाडलं. तिथे सांगतात: हे व्यसन मी लावलेलं नाही, मला ते आवरता येणार नाही, बरंही करता येणार नाही. दादा कुठेच जायला तयार नसला तरी तू जा. त्यासाठी त्याची परवानगी लागत नाही.

आणि दादा? ‘अति दाखवलंय’ म्हणणारा माणूस सिनेमा नीट पाहून आलेला असतो. सकाळी, तो शुद्धीवर असताना, एवढंच विचार: “तू उठलास तेव्हा काय चाललं होतं रे?” मग गप्प बस. “बघ, तुझंही असंच होणार” हे वाक्य गिळून टाक. तो काहीच बोलणार नाही, असंही होईल. बोललाच, तर डॉक्टरांचा नंबर हाताशी असू दे. त्याच दिवशी जा, उद्यावर ढकललंत की गेलं. पुढे सुटलेली दारू पुन्हा सुरू होऊ शकते, तेव्हा सगळं मुसळ केरात गेलं असं मानू नकोस.

एक राहिलंच. आईला विचार, किल्लीचा आवाज तिलाही ऐकू येतो का. ती रडली ती त्या नायकासाठी, असं मला काही वाटत नाही.