रहस्यकथा आणि भुताटकी दोन्ही आवडतात. कोणत्या मालिकेपासून सुरुवात करू?

तुम्ही लिहिलंय की डिटेक्टिव्ह कथा भरपूर वाचून झाल्यात, भयकथाही आवडतात आणि आता दोन्हींचा मेळ असलेली मालिका हवी आहे. मराठी असो की इंग्रजी, चालेल. फक्त शेवटी लेखकाने हात वर केलेले नकोत.

ही शेवटची अट ठेवलीत तिथेच निम्मी यादी गळते. भूत वाट्टेल ते करू शकत असेल, तर वाचणाऱ्याने डोकं कशाला चालवायचं? बंद खोलीत खून झाला आणि शेवटच्या पानावर कळलं की खुनी भिंतीतून आरपार निघून गेला, तर पुस्तक भिरकावून द्यावंसं वाटणारच. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने (तो स्वतः रहस्यकथा लिहायचा) १९२९ साली या प्रकाराचे दहा नियम केले, त्यातल्या दुसऱ्याच नियमात अलौकिक शक्तींना बाहेरचा रस्ता दाखवला. नियम मोडायला माझी हरकत नाही. पण मग भुताला स्वतःचे नियम हवेत, आणि ते आपल्याला वेळेवर कळायला हवेत. मी कुणालाही पुस्तक सुचवताना आधी एवढंच बघतो.

या कसोटीवर सर्वांत पक्की उतरते ती जोनाथन स्ट्राउडची ‘लॉकवुड अँड कंपनी’. किशोरांसाठी म्हणून दुकानात लहान मुलांच्या कपाटात ठेवलेली असते, त्याकडे दुर्लक्ष करा. पाच पुस्तकं, २०१३ ते २०१७, आणि मालिका पूर्ण झालेली आहे. (अर्धवट मालिकांमागे वर्षानुवर्षं ताटकळलेल्यांना यातलं सुख वेगळं सांगायला नको.) यातल्या इंग्लंडमध्ये भुतांची साथच पसरलीय. ती स्पष्ट दिसतात-ऐकू येतात फक्त मुलांना. वय वाढलं की ही शक्ती जाते. त्यामुळे रात्री धोक्याच्या घरात शिरतात ती मुलं, आणि ज्यांना काहीच दिसत नाही ते मोठे लोक बाहेर थांबून हुकूम सोडतात. लोखंड, मीठ आणि चांदीपुढे भुतांचं चालत नाही. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक भूत कुठल्या तरी वस्तूला बांधलेलं असतं. हाडं असतील, एखादा दागिना असेल. ती वस्तू सापडली की काम झालं. म्हणजे भूत जिन्यावर उभं राहतं की न्हाणीघरात, कुणाकडे बघतं, कुठे पोचल्यावर थंडी वाढते, हे सगळे पुरावेच झाले! माझी आठवीतली भाची पहिलं पुस्तक वाचताना मध्येच थांबून ‘मामा, ती वस्तू कुठे असेल ते मला कळलं’ म्हणाली. तिचा अंदाज चुकला, पण चुकायची संधी तिला मिळाली ना! मला तेच हवं असतं.

मोठ्यांसाठी आणि जुन्या वळणाचं हवं असेल तर विल्यम होप हॉजसनचा कार्नाकी. हा माणूस भुतं शोधण्याचा धंदाच करतो. १९१० पासून या कथा मासिकात येऊ लागल्या, १९१३ मध्ये सहा कथांचं पुस्तक निघालं, आणि १९१८ मध्ये हॉजसन पहिल्या महायुद्धात मारला गेला. तीन कथा नंतरच्या आवृत्तीत घातल्या गेल्या. साचा ठरलेला. कार्नाकी चार मित्रांना जेवायला बोलावतो, जेवताना प्रकरणाबद्दल अवाक्षर काढत नाही, मग पाइप पेटवून सगळं सांगतो आणि शेवटी त्यांना चक्क घराबाहेर काढतो. खोलीत रात्र काढायची तर तो जमिनीवर खडूने रिंगण आखतो आणि आत विजेच्या नळ्यांची पंचकोनी चांदणी पेटवतो. मंत्र आणि बॅटरी एकत्र! पण खरी गंमत पुढे आहे. काही प्रकरणांत भूत खरं निघतं, काहींत माणसाचा बनाव, आणि एखाद्यात दोन्ही. शिट्ट्या ऐकू येणाऱ्या खोलीची कथा वाचताना तुम्ही शेवटपर्यंत ठरवू शकणार नाही. पुस्तक आता प्रताधिकारमुक्त असल्यामुळे प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट मिळतं. भाषा जरा जडच आहे, आणि डुकराच्या भुताची लांबलचक कथा आधी घेऊ नका, कंटाळाल.

बंगालीत याच प्रश्नाशी एका लेखकाने मजेत खेळ केलाय. शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा गुप्तहेर ब्योमकेश दूरदर्शनमुळे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. पण त्यांचं दुसरं पात्रही होतं, वरदा. भुतांवर पूर्ण विश्वास, आणि रंगवून रंगवून भुताच्या गोष्टी सांगणारा. एका कथेत (‘ब्योमकेश ओ वरदा’) त्यांनी मुंगेरमध्ये या दोघांची गाठ घालून दिली आणि मध्ये एक पछाडलेलं घर ठेवलं. कोण जिंकतं ते सांगत नाही. ब्योमकेशचा अनुवादित संग्रह घेताना ही कथा त्यात आहे का, हे अनुक्रमणिकेत बघून घ्या.

मराठीत आलो की नारायण धारपांना पर्याय नाही. हल्ली ‘तुंबाड’ पाहून बरेच जण त्यांच्याकडे वळतात, कारण त्या चित्रपटामागे त्यांच्या एका कथेची प्रेरणा आहे. पण तुम्हाला मालिका हवीय, तर त्यांच्या ‘समर्थ’ कथा घ्या. समर्थ म्हणजे यातले अलौकिक संकटांचा बंदोबस्त करणारे गृहस्थ. धारपांचं भय मध्यमवर्गीय घरात, भाड्याच्या बंगल्यात, नोकरदार माणसाच्या संसारात शिरतं. म्हणून ते अंगावर येतं. दोष एकच: समर्थ फार समर्थ आहेत! ते आले की निकालाची काळजी मिटते. उत्सुकता राहते ती हे संकट नेमकं कसलं आणि त्याचं मूळ कुठे, याची. म्हणून या कथा ओळीने वाचू नका, अधूनमधून एक घ्या. साकेत प्रकाशनाने धारपांची पुस्तकं पुन्हा छापली आहेत, त्यामुळे रद्दीची दुकानं पालथी घालावी लागत नाहीत.

मतकरींच्या गूढकथा मला धारपांपेक्षा काकणभर जास्त आवडतात, पण ती मालिका नाही. अर्नाळकरांचा झुंजार आणि सुहास शिरवळकरांचा फिरोज इराणी तुमच्या वाचनात आले असतीलच. त्यांचा सगळा मामला माणसांशी.

पोलिसी तपासच हवा असेल तर बेन आरोनोविचची ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ (२०११ पासून). लंडनचा एक नवखा शिपाई खुनाच्या जागी रात्री पहारा देत असतो, आणि त्याला साक्षीदार भेटतो तो मेलेला. हा पठ्ठ्या वही काढून त्याचा जबाब घ्यायला लागतो! विनोद झकास आहे, पण ही मात्र पहिल्यापासून क्रमाने वाचा, नाहीतर नद्यांच्या देवतांची नाती डोक्यावरून जातील.

इंग्रजी वाचायची सवय असेल तर लॉकवुडपासून सुरुवात करा. नसेल तर समर्थांची एक कथा रात्री जेवणं झाल्यावर घ्या, आणि आवडली तरी दुसरी लगेच उघडू नका.