वाचकांचे प्रश्न: मुलांसोबत एका दिवसाची निसर्गसहल, कमी खर्चात

या वेळी दक्षिणेकडच्या सहलींबद्दल आलेले पाच प्रश्न घेतले आहेत. बहुतेकांची तक्रार एकच, की प्रवेशाचं तिकीट स्वस्त असतं पण तिथवर पोहोचणं महाग पडतं. त्यामुळे उत्तरांत जाण्यायेण्याचा तपशील जास्त दिला आहे.

प्रश्न: आम्ही बेंगळुरूत व्हाइटफील्डला राहतो. सहा आणि नऊ वर्षांची दोन मुलं आहेत, स्वतःची गाडी नाही. दिवसभराच्या टॅक्सीचेच चार-पाच हजार होतात. मुलांना पक्षी, नदी, झाडं दाखवायला कुठे न्यावं?

श्रीरंगपट्टणजवळचं रंगनथिट्टू पक्षी अभयारण्य, आणि तेही रेल्वेने. व्हाइटफील्डहून पर्पल लाइनची मेट्रो थेट बेंगळुरूच्या मुख्य रेल्वे स्टेशनला उतरवते. तिथून म्हैसूरकडे जाणारी सकाळची गाडी पकडायची आणि म्हैसूरच्या अलीकडे श्रीरंगपट्टणला उतरायचं. सगळ्या गाड्या इथे थांबत नाहीत. शताब्दी, वंदे भारत तर नाहीच, म्हणून गाडी निवडताना थांबा आधी पाहा. अनारक्षित तिकीट माणशी शंभर रुपयांच्या आत बसतं आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांना त्यात निम्मं भाडं असतं. हीच मुलं आरक्षित डब्यात स्वतंत्र जागा घेऊन बसली तर पूर्ण भाडं पडतं. सकाळच्या गाडीला गर्दी असते, तेव्हा अर्धा तास आधी फलाटावर असा.

स्टेशनपासून अभयारण्य तीन-चार किलोमीटर आहे. रिक्षा करताना जाण्याचंच नव्हे, तर दोन-अडीच तास थांबून परत आणण्याचं भाडं आधी ठरवा. परतीला फाटकाशी रिक्षा मिळेलच असं नसतं आणि मग भर दुपारी मुलांसह मुख्य रस्त्यापर्यंत चालावं लागतं. बचतीच्या सहलीचं गणित इथेच बिघडतं.

आत गेल्यावर बाग, खेळाची जागा वगैरे नंतर पाहा, आधी नावेची रांग धरा. सकाळी उजेड तिरपा असतो, पक्षी पिलांना भरवत असतात आणि रांगही लहान असते. अकरानंतर सहलींच्या बस येतात. सगळ्यांबरोबरच्या नावेचं तिकीट पुरेसं आहे. स्वतंत्र नाव कितीतरी महाग पडते आणि फोटो काढणाऱ्यांनाच तिचा खरा उपयोग. बेटांच्या अगदी जवळून नाव जाते. खडकांवर मगरी ऊन खात पडलेल्या दिसतात, त्यामुळे मुलांचे हात पाण्याबाहेर ठेवा. चित्रबलाक, उघड्या चोचीचा करकोचा, चमच्यासारख्या चोचीचा चमचा पक्षी, पाणकावळे, नदी सुरय आणि झाडांना उलटी लटकलेली मोठी वटवाघळं एकाच फेरीत दिसतात.

ही बेटं कावेरीवर सतराव्या शतकात बांधलेल्या बंधाऱ्यामुळे तयार झाली. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या आग्रहावरून म्हैसूरच्या राजांनी १९४० साली इथे अभयारण्य जाहीर केलं. भोवती पाणी असल्याने बेटावरच्या घरट्यांना जमिनीवरच्या बहुतेक शत्रूंची भीती नसते. मुलांना हे नावेतच सांगा, समोर दिसत असताना लगेच कळतं.

महिना मात्र जपून निवडा. जानेवारी ते मे हा घरट्यांचा चांगला काळ. पावसाळ्यात कृष्णराजसागर धरणातून पाणी सोडलं की नावा बंद होतात, आणि नावेशिवाय रंगनथिट्टूची फेरी निम्म्याहून कमी उरते. जुलै-ऑगस्टमध्ये जायचं असेल तर आदल्या दिवशी धरणाच्या विसर्गाची बातमी पाहून मगच निघा.

दुपारनंतर वेळ उरला तर म्हैसूरला कारंजी तलाव आहे. तिथे आत फिरून पाहण्याचा मोठा पक्षीपिंजरा आहे आणि तिकीटही माफक. पण मंगळवारी तो बंद असतो, म्हैसूरचं प्राणिसंग्रहालयही.

बसने जाणार असाल तर आणखी एक गोष्ट. जून २०२३ पासून कर्नाटकात राहणाऱ्या महिलांना आणि मुलींना राज्याच्या साध्या सरकारी बसमध्ये 'शक्ती' योजनेखाली तिकीट लागत नाही. ओळखपत्रावर कर्नाटकचा पत्ता हवा. तुमच्या आधारवर अजून पुणे-नाशिकचाच पत्ता असेल तर तो बदलून घेतल्याचा फायदा दर सहलीला होईल. वातानुकूलित आणि आरामदायी बसना ही सवलत नाही.

प्रश्न: रविवारी पहाटे नंदी हिल्सला निघालो आणि दोन तास रांगेत अडकून परत आलो. चुकलं कुठे?

वार चुकला. वर जायला घाटाचा एकच रस्ता, वर गाड्या लावायला मर्यादित जागा आणि येणाऱ्या प्रत्येकाला सूर्योदयच पाहायचा असतो. शनिवार-रविवारी हे होणारच. मधल्या वारी जा, किंवा सूर्योदयाचा हट्ट सोडून दुपारी तीनच्या सुमारास वर पोहोचा. नंदी हिल्सची उंची १४७८ मीटर आहे. डिसेंबर-जानेवारीत वर बोचरा वारा असतो, तेव्हा मुलांचे स्वेटर आणि कानटोप्या विसरू नका. वळणांच्या रस्त्यावर ज्यांना मळमळतं त्यांना निघताना दूध देऊ नका. कोरडं, थोडं खायला द्या आणि खिडकीतून लांब बघायला सांगा, मोबाईलमध्ये नको. वर माकडं फार आहेत. हातातली प्लास्टिकची पिशवी दिसली की ती हिसकावतात, म्हणून खाणं पाठीवरच्या बंद सॅकमध्येच ठेवा.

सुटीच्या दिवशीच जमत असेल तर वर जाऊच नका. पायथ्याच्या नंदी गावात भोगनंदीश्वराचं प्राचीन मंदिर आहे. प्रशस्त दगडी आवार, सुंदर पुष्करणी आणि सावली. लहान मुलांना तिथे जास्त मोकळं वाटतं.

प्रश्न: एक पैसाही प्रवेशशुल्क नसलेली जागा आहे का?

आहे. मंड्या जिल्ह्यातलं कोक्करेबेल्लूर. मद्दूर हे बेंगळुरू-म्हैसूर मार्गावरचं स्टेशन, तिथून रिक्षाने गावात जायचं. इथे चित्रबलाक आणि पेलिकन गावातल्या चिंचेच्या आणि पिंपळ-वडाच्या झाडांवर, अगदी घरांच्या डोक्यावर घरटी करतात. गावकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या त्यांना सांभाळलं आहे. घरट्यांच्या झाडांची चिंच ते झोडपत नाहीत आणि त्याबद्दल वनखातं काही भरपाई देतं. २००७ मध्ये गावाला समुदाय राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. जानेवारी ते एप्रिलमध्ये जा. नंतर पिलं उडून जातात आणि फांद्या रिकाम्या असतात. हे राहतं गाव आहे. अंगणात विचारल्याशिवाय शिरू नका, टाळ्या वाजवून पक्षी उडवू नका. पिलं बिचकून खाली पडली की वाचणं कठीण असतं. झाडाखाली उभं राहायचं तर डोक्यावर टोपी हवीच!

प्रश्न: पुण्याहून दिवाळीच्या सुटीत चेन्नईला भावाकडे जाणार आहोत. वेडंतांगलचं पक्षी अभयारण्य मुलांना दाखवता येईल का?

दिवाळीत नको, नाताळच्या सुटीत जा. तमिळनाडूचा मुख्य पाऊस ऑक्टोबरपासून पडतो. त्या पावसाने तिथला तलाव भरतो, पाण्यात उभी असलेली झाडं सुरक्षित होतात आणि मग पक्षी घरट्यांना येतात. दिवाळीत तलाव पुरता भरलेला नसतो, वर पावसाने दिवस वाया जाण्याचीच शक्यता जास्त. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा खरा काळ.

चेन्नईहून अंतर सुमारे ऐंशी किलोमीटर. लोकलने चेंगलपट्टूपर्यंत स्वस्तात जाता येतं, पुढे बस किंवा रिक्षा. बस मोजक्याच असल्याने उतरल्याबरोबर परतीची वेळ विचारून घ्या. इथे नाव नाही. तलावाच्या बांधावरून चालत आणि मनोऱ्यावरून पाहायचं. दुपारी तीन-साडेतीनला पोहोचलात तर संध्याकाळी थव्याथव्याने परतणारे पक्षी दिसतील. पक्ष्यांच्या विष्ठेने तलावाचं पाणी खताळ होतं आणि तेच शेतीला जातं. गावाने दोनशेहून अधिक वर्षं हे पक्षी जपले त्यामागे हे कारणही आहे.

प्रश्न: बेळगावहून पावसाळ्यात शाळकरी मुलांना घेऊन गोकाकच्या धबधब्याला जावं का? आणि दुर्बीण घ्यावी का?

जुलै ते सप्टेंबर जरूर जा. घटप्रभा ५२ मीटरवरून कोसळते आणि पाणी तांबूस मातकट असतं. आंबोलीला उगम पावणारी हिरण्यकेशी घटप्रभेलाच मिळते, त्यामुळे आंबोली-आजऱ्याकडे पावसाचा जोर झाला की इथलं पाणी फुगतं. बेळगावहून गोकाकला बस मिळते. शहरापासून धबधबा सहा किलोमीटर. कड्याजवळचे खडक सपाट दिसतात पण शेवाळाने निसरडे झालेले असतात आणि वरच्या धरणातून पाणी सोडलं की पातळी झपाट्याने वाढते. अपघात होतात ते बहुधा फोटोसाठी पुढे सरकताना. मुलांना चप्पल नको, खाचा असलेल्या तळाचे बूट घाला, आणि कठड्याच्या आतच राहा. झुलत्या पुलावर प्रवेश बंदचा फलक असेल तर तो पाळा.

धबधब्याला दुर्बिणीचं काम नाही. पक्ष्यांसाठी घ्यायची तर ८×३२ किंवा ८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी घ्या. दहापट मोठं दाखवणारी दुर्बीण मुलांच्या हातात फार हलते आणि पक्षी सापडेपर्यंत उडून जातो. चौघांत एक पुरते.

खाण्यासाठी दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी न्या. दहीभात उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबतो. चौघांना निदान सहा लिटर पाणी घरूनच भरून घ्या. वाटेत बाटल्या विकत घेत गेलात तर रेल्वेच्या तिकिटात वाचलेले पैसे तिथेच जातात.