स्थलांतरित, विस्थापित की प्रकल्पग्रस्त?

प्रश्न असा आहे: धरणात गाव गेलेल्या माणसांना बातम्यांत कधी स्थलांतरित म्हणतात, कधी विस्थापित, कधी प्रकल्पग्रस्त. तिन्ही चालतात का?

पहिला नाही चालत. स्थलांतर माणूस आपणहून करतो, पक्षीही करतात. विस्थापित मात्र कुणीतरी केलेलं असतं. आफ्रिकेतल्या झांबेझी नदीवरच्या कारिबा धरणापायी १९५०च्या दशकाअखेरीस सुमारे ५७ हजार टोंगा लोकांना नदीकाठ सोडावा लागला. ते ‘स्थलांतरित झाले’ असं लिहिलं, की त्यांनी नुसतं बिऱ्हाड हलवल्यासारखं वाटतं. ‘त्यांचे स्थलांतर करण्यात आले’ हे त्यातल्या त्यात बरं, पण करणारा तिथेही गुलदस्त्यातच.

आता उरलेले दोन. राहतं घर गेलं तो विस्थापित. प्रकल्पग्रस्ताचा घेर मोठा: घर शाबूत, पण शेत कालव्यात गेलं, तर माणूस प्रकल्पग्रस्त होतो, विस्थापित नाही. महाराष्ट्रात हा फरक कागदावर फार जड आहे, कारण प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यावर सरकारी नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षण (म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांतूनच राखलेला वाटा) मिळतं.

खरी मेख पुढे आहे. नदीत जाळं टाकणाऱ्याचं घरही जात नाही आणि सातबारा तर नावावर कधी नव्हताच. मासळी संपते तेव्हा तो कोण? १८९४चा भूसंपादन कायदा जमिनीत हक्क असणाऱ्याला भरपाई देई, याला नाही. २०१३च्या कायद्याने ‘बाधित कुटुंबा’त संपादनाआधी तीन वर्षं जंगलावर किंवा पाण्यावर पोट असलेले मच्छीमार, नावाडी, वनोपज गोळा करणारेही घेतले. म्हणून त्यांच्यासाठी मी ‘बाधित’ वापरेन, जरी तो शब्द मला जरा भूतबाधेसारखा वाटतो.

‘ग्रस्त’वर एक आक्षेप घेतात, तो मला पटतो. ग्रस्त म्हणजे ग्रासलेला. ग्रहण लागलेलाच चंद्र उगवला तर तो ग्रस्तोदित. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त यांच्या पंगतीत धरणग्रस्त बसवला, की धरणही आभाळातून पडल्यासारखं वाटतं. धरण तर कुणीतरी ठरवून, नकाशा काढून बांधतं. तरी शब्द बदला असं मी म्हणणार नाही. ‘आधी पुनर्वसन, मगच धरण’ म्हणत मोर्चे काढणाऱ्यांनी स्वतःला धरणग्रस्तच म्हणवून घेतलं आहे.

‘निर्वासित’ मात्र इथे नको. तो फाळणीत किंवा युद्धात मुलूख सोडून आलेल्यांसाठी रूढ आहे.