वाचकांचे प्रश्न : सबफ्रेम बदलण्याआधी ओळंबा

प्रश्न : विमा कंपनीने दुरुस्ती परवडणार नाही म्हणून निकालात काढलेली एक छोटी गाडी मी विकत घेतली आहे. डाव्या पुढच्या चाकाला जबर धक्का बसल्यामुळे ते चाक मागे सरकलेले दिसते, लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) वाकला आहे आणि सबफ्रेमचा, म्हणजे इंजिनखाली बॉडीला बोल्टांनी जोडलेल्या चौकटीचा, डावा कान दुमडून वेल्डिंगपाशी चीर गेली आहे. एअरबॅग उघडलेल्या नाहीत. जुन्या सामानात एक सरळ सबफ्रेम मिळते आहे. इंजिन न उतरवता ती बसवता येईल का? एक कारागीर सध्याचीच सबफ्रेम तापवून सरळ करून देतो म्हणतो, ते योग्य आहे का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते छोटे आहे : नाही. सबफ्रेम ही पत्र्याचे दाबून घडवलेले भाग एकमेकांना जोडून केलेली असते. गॅसने तापवल्यावर त्या पत्र्याची ताकद उतरते, आणि वेल्डिंगपाशी एकदा चीर गेलेली असेल तर ती भरून काढली तरी शेजारी पुन्हा उघडण्याची शक्यता राहते. ज्या भागावर दोन्ही लोअर आर्म, स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंगचे फिरणे चाकांपर्यंत नेणारा भाग) आणि अँटी-रोल बार (वळणावर गाडीचे कलणे रोखणारा दांडा) बसतात, त्यावर असा प्रयोग करू नये.

मात्र तुमच्या पत्रात जी गोष्ट आलेलीच नाही, ती मला अधिक महत्त्वाची वाटते. चाकाला बसलेला धक्का आर्ममधून सबफ्रेममध्ये, सबफ्रेममधून तिच्या बोल्टांत आणि तिथून बॉडीच्या पुढच्या दोन चेसिस पट्ट्यांत जातो. कधी सबफ्रेम स्वतः वाकून पुढचे सारे वाचवते, तर कधी ती वाकताना पट्टीलाही सोबत ओढते. पहिल्या प्रकारात तुमचे काम पाने फिरवण्याचे आहे. दुसऱ्या प्रकारात ते बॉडी ओढून सरळ करण्याचे आहे आणि ते बेंचशिवाय, म्हणजे गाडी पक्की बांधून ओढण्याच्या लोखंडी चौकटीशिवाय, होत नाही. म्हणून सबफ्रेमचे पैसे मोजण्याआधी गाडी मोजा.

गाडी सपाट फरशीवर, चारही बाजूंना उंबऱ्याखालच्या जॅक लावण्याच्या जागी सारख्या उंचीच्या स्टँडवर घ्या. बॉडीखाली कारखान्यातच पाडलेली, डावी-उजवीकडे जोडीने असणारी भोके सापडतील. त्यांतील मागची एक जोडी आणि सबफ्रेमच्या बोल्टांची जोडी निवडा. प्रत्येक ठिकाणाहून गवंड्याचा ओळंबा सोडून त्याचे टोक स्थिर झाले की फरशीवर चिकटपट्टी लावून पेन्सिलने खूण करा. मग गाडी बाजूला घेऊन त्या चार खुणांचे दोन्ही कर्ण आणि दोन्ही बाजू मोजा. सबफ्रेम वाकलेली असल्यामुळे खूण तिच्या कानाची न घेता बोल्ट ज्या भोकातून बॉडीत शिरतो त्याचीच घ्या. अशा मापात २-३ मिलिमीटरची चूक आपलीच असू शकते आणि कारखान्यांची मुभाही बहुधा तेवढीच असते. पण कर्णांत ८-१० मिलिमीटरचा फरक निघाला आणि दुसऱ्यांदा मोजूनही तो टिकला, तर पट्टी हललेली आहे असे धरून थांबावे. ओळंबा उंचीतला फरक दाखवत नाही, त्यासाठी गवंड्याचीच पाण्याची नळी वापरा. स्ट्रटच्या (स्प्रिंग व शॉक अॅब्सॉर्बरच्या खांबाच्या) बुरुजाजवळ रंगाला पडलेली सुरकुती, तडकलेले सीलंट किंवा दाराच्या वरच्या कोपऱ्यात अरुंद झालेली फट हेही साक्षीदार आहेत.

पुढच्या आणि मागच्या चाकांच्या केंद्रांमधले अंतर दोन्ही बाजूंना मोजून निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण तुमच्या गाडीचा आर्मच वाकलेला असल्याने त्यातून बॉडीबद्दल काही कळणार नाही. शिवाय हे अंतर सर्व गाड्यांत सारखेच असते असेही नाही : १९६१ साली आलेल्या रेनॉ ४ या गाडीत मागचे दोन आडवे टॉर्शन बार (पिळले जाऊन स्प्रिंगचे काम करणारे दांडे) एकामागे एक ठेवल्यामुळे दोन बाजूंच्या अंतरात कारखान्यातूनच ४८ मिलिमीटरचा फरक होता.

माप बरोबर निघाले, तर जुनी सबफ्रेम घेण्यात गैर नाही. ती शक्यतो मागून ठोकल्या गेलेल्या गाडीची असावी. तुमच्या गाडीचे इंजिन, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगचा प्रकार तिच्याशी जुळला पाहिजे, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या सबफ्रेममध्ये कंसांच्या जागा वेगळ्या असतात. तिचेही कर्ण मोजा, सांध्यांतला गंज टोकदार पेचकसाने टोचून पाहा, आणि बोल्ट गॅसने कापून उतरवलेला दिसला तर ती नाकारा.

इंजिन उतरवण्याबद्दल : बऱ्याच छोट्या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स वरच्या दोन माउंटिंगवर टांगलेले असतात आणि खालचा टॉर्क रॉड त्यांचे फक्त पुढे-मागे हलणे रोखतो. अशा गाडीत टॉर्क रॉड सोडवला की सबफ्रेम खाली घेता येते. तरीही इंजिनला वरून आडव्या बारने किंवा खालून दुसऱ्या जॅकने आधार द्यावाच, कारण धक्क्यात एखादे माउंटिंग फाटले असेल तर ते नेमके तुम्ही खाली असताना कळेल. इंजिन सबफ्रेमवरच टेकलेले असेल, तर वरच्या बारशिवाय हात घालू नये.

बॅटरी सोडून मार्गदर्शिकेत दिलेला वेळ थांबा. स्टिअरिंग सरळ ठेवून कुलूपबंद करा, कारण रॅकचा सांधा सोडल्यावर ते मोकळे फिरले तर एअरबॅगकडे जाणारी गुंडाळीची पट्टी तुटते. सांध्याच्या दांड्यावर आणि रॅकच्या टोकावर एका रेषेत रंगाची खूण करा. बोल्टांना आदल्या रात्री गंजतेल सोडा. पट्टीच्या आत वेल्ड केलेला नट सुटून बोल्टाबरोबर फिरू लागला, तर पट्टीला खिडकी कापण्याची वेळ येते, म्हणून बोल्ट अडला की जोर वाढवू नका; थोडा आवळून, थोडा सोडून हळूहळू काढा.

बसवताना सर्व बोल्ट आधी बोटांनी, चार-पाच आटे सहज जातील एवढे लावा. सगळे बोल्ट पकडले जाईपर्यंत एकही आवळायचा नाही. खरी परीक्षा इथेच होते : तीन बोल्ट बसले आणि चौथ्या भोकात अर्धा चंद्र दिसू लागला, की हात आपोआप पहारीकडे जातो. तारुण्यात मी स्वतः असे एक भोक कानसीने लांबवले होते. गाडी तयार झाली, पण ब्रेक लावला की एका बाजूला ओढू लागली आणि ते काम मला पुन्हा, तेही फुकट, करावे लागले. सबफ्रेम मोजून घेतलेली असताना भोक जुळत नसेल, तर चूक पट्टीची आहे. सबफ्रेममधल्या मार्गदर्शक भोकातून बरोबर जाडीचा गज घालून सबफ्रेम मध्यावर आणा आणि मग ठरलेल्या क्रमाने टॉर्क पान्याने आवळा. अनेक गाड्यांत हे बोल्ट आधी टॉर्कने व नंतर ठरावीक अंशांनी फिरवून ताणले जातात. ते नवेच घालावेत. लोअर आर्मच्या बुशांचे (सांध्यातल्या रबरी नळ्यांचे) बोल्ट मात्र गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळा, नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकते आणि लवकर फाटते.

अलाइनमेंटच्या कागदावर फक्त टो (वरून पाहताना चाकांचे आत-बाहेर वळलेले असणे) पाहून समाधान मानू नका. कॅम्बर, म्हणजे समोरून पाहताना चाकाचा कल, आणि एसएआय, म्हणजे समोरून पाहताना स्टिअरिंगच्या अक्षाचा कल, हे दोन्ही आकडे मागा. एका बाजूचा कॅम्बर वाढला, दुसरीकडचा तेवढाच घटला आणि एसएआय नेमका उलट बदलला, तर सबफ्रेम एका अंगाला सरकून बसली आहे. दोहोंची बेरीज एका बाजूला वेगळी आली, तर स्ट्रट किंवा नकल (चाकाचा हब धरणारा भाग) वाकले आहे. तुमच्या डाव्या चाकाबद्दल मला ती शंका आहेच.

प्रश्न : माझ्या गाडीची सबफ्रेम बदलल्यापासून ती सरळ चालते, पण स्टिअरिंग थोडे तिरके राहते. स्टिअरिंगचे चाक काढून एक दात फिरवून बसवू का?

उत्तर : स्टिअरिंगचे चाक काढू नका. दोन्ही टाय रॉड (रॅकपासून चाकांकडे जाणारे दांडे) सारख्या लांबीचे आहेत का ते त्यांचे उघडे आटे मोजून पाहा. बहुतेक वेळा एक लांब आणि दुसरा आखूड निघतो, आणि स्टिअरिंग सरळ बांधून पुन्हा टो जुळवला की काम होते. टाय रॉड सारखे असतील, तर खालचा सांधा एक दात चुकला असेल. मात्र अनेक गाड्यांत तो एकाच स्थितीत बसतो, आणि तशा गाडीत रॅक किंवा सबफ्रेमच मध्यावर नाही असे समजून कॅम्बरचे आकडे पाहावे लागतात. गाडीत स्टिअरिंग कोनाचा सेन्सर असेल, तर या सगळ्यानंतर त्याचे शून्य पुन्हा ठरवून घ्या.