पांढरे सुती शर्ट पिवळट-करडे पडलेत, दुप्पट पावडर, ब्लीच आणि नीळ वापरूनही फरक नाही. काय करावं?

ब्लीच आणि नीळ आधी बाजूला ठेवा आणि पावडर निम्म्यावर आणा. तुमचे शर्ट धुतले जातायत, पण नीट खळबळले जात नाहीत, असं मला वाटतं.

तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे का? असेल तर बाटलीत थोडं घेऊन अंगाच्या साबणाचा कीस टाका आणि हलवा. फेस न येता पाणी दुधासारखं झालं, तर ते जड आहे. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून चिकट साका बनवतात. बादलीच्या कडेला बसतो तोच. तो सुताच्या धाग्यांत शिरतो आणि मळ धरून ठेवतो. डिटर्जंट पावडरीचा असा साका होत नाही, पण जड पाण्यात तिचाही जोर कमी होतो आणि जास्त टाकलेली पावडर कपड्यात राहते.

मी सोलापूरची. आमच्याकडे पांढरे सदरे आणि टोप्या रोजच्या धुण्यात असतात. त्यांना उपयोग होतो धुण्याच्या सोड्याचा (खायचा सोडा नव्हे). बादलीभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे सोडा आणि थोडी पावडर विरघळवून कपडे तासभर भिजवा. कॉलर आणि मनगटाच्या पट्ट्या ब्रशने घासा. मग निदान तीन पाण्यांतून काढा, शेवटचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. रेशीम आणि लोकर यात अजिबात घालू नका.

तरीही पिवळेपणा उरला तर ऑक्सिजन ब्लीचची पावडर, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, आणा. ती साधारण ६० अंश गरम पाण्यात चांगली चालते. क्लोरीनचं ब्लीच सुताचे धागे कमकुवत करतं, आणि पाण्यात लोह असेल तर तांबूस डाग पाडतं. लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड क्लोरीनच्या ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका. विषारी वायू निघतो.

नीळ मळ काढत नाही. निळा रंग पिवळेपणा झाकतो, म्हणून कपडा डोळ्यांना पांढरा दिसतो. साका बसलेल्या कपड्याला नीळ दिली की तो आणखी करडा दिसतो, बहुधा तुमचं हेच झालंय. नीळ स्वच्छ खळबळलेल्या कपड्यालाच द्या. आधी पाण्यात चार-पाच थेंब नीट ढवळा, मगच कपडा बुडवा.

हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, घाबरू नका. साबणाच्या अल्कधर्मी (आम्लाच्या उलट) गुणामुळे तसं होतं. पाण्यातून काढून कडक उन्हात वाळत घाला, हळदीचा रंग उन्हात उडतो. काखेतले पिवळे डाग मात्र इस्त्रीआधीच काढा, उष्णतेने ते पक्के बसतात. आणि शर्ट बरेच दिवस कपाटात राहणार असतील तर खळ देऊ नका, कसर लागते.