समलैंगिक आणि ख्रिस्ती: दोन्हींतलं एक सोडावंच लागतं का?

पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती घरांतली तरुण मुलं समुपदेशनाला येतात तेव्हा एक प्रश्न हमखास निघतो: "मला मुलगे आवडतात आणि येशूही सोडवत नाही. मग मी कुठला?" पुढची हकीकत अशा अनेकांच्या अनुभवांतून जुळवली आहे. कुणा एकाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा 26 वर्षांचा. नोकरी खराडीला, घर वानवडीत, मूळ गाव नगरकडचं. दर रविवारी चर्चच्या कॉयरमध्ये गाणारा. आईनं स्थळ पक्कं करत आणलं होतं. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं वाचली जातात, ती पुढच्या महिन्यात सुरू होणार हे कळलं आणि त्याची झोप उडाली.

आल्या आल्या त्यानं विचारलं, "बायबल नक्की काय म्हणतं ते सांगा." पहिल्या भेटीत त्या चर्चेत शिरायचं नसतं. आधी जीव. मरावंसं वाटतं का, किती वेळा, काही ठरवलंय का, घरात हाताशी काय आहे, हे सरळ विचारायचं. विचारल्यानं तसे विचार डोक्यात येतात ही भीती खोटी आहे. मग व्यवहाराचे प्रश्न. घरातून काढलं तर त्या रात्री कुणाकडे जाशील, खात्यात तीन महिन्यांचा खर्च आहे का, आधार कार्ड आणि मार्कशीट कुणाच्या कपाटात आहेत, मोबाइल कोण तपासतं? त्याच्या मनात मरणाचे विचार येत होते, पण काही ठरवलेलं नव्हतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक त्यानं फोनमध्ये ठेवला. तिथे चोवीस तास फुकट बोलता येतं, मराठीतही.

शाळेत असल्यापासून तो शुक्रवारी उपवास करत होता आणि रात्री "हे माझ्यातून काढून टाक" अशी प्रार्थना करत होता. एका प्रार्थना गटानं डोक्यावर हात ठेवून दुष्ट आत्मा घालवण्याचाही प्रयत्न केला होता. अशा प्रार्थनेत एक क्रूर गोष्ट असते. बदल झाला नाही की दोष प्रार्थनेवर येत नाही, मुलाच्या विश्वासावर येतो. मग तो आणखी उपवास करतो, आणखी हरतो. अमेरिकेत 1976 साली सुरू झालेली एक्झोडस इंटरनॅशनल ही संस्था ख्रिस्ती मार्गानं समलैंगिकता बदलण्याच्या कामात सर्वांत मोठी होती. 2013 मध्ये ती बंद झाली. तिच्याच अध्यक्षांनी माफी मागितली आणि आपल्याला भेटलेल्या बहुतेकांचा कल बदललाच नाही हे कबूल केलं. डॉक्टरांच्या कुठल्याही पत्रकापेक्षा हे त्याला जास्त भिडलं, कारण बोलणारा विश्वासणारा होता. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये असे 'उपचार' हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे, त्यामुळे कुणी डॉक्टर "बरं करून देतो" म्हणाला तर तक्रार करता येते.

एक गोष्ट न चुकता तपासावी लागते. एकच पाप पुन्हापुन्हा कबूल करणं, एक शब्द चुकला म्हणून प्रार्थना पहिल्यापासून म्हणणं, क्षमा मिळाली का हे सतत विचारत राहणं, असं दिसलं तर तो ओसीडी, म्हणजे एकच विचार किंवा कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा आजार, असू शकतो. तिथे बायबलच्या वचनांवर चर्चा करून धीर दिला तर तो तासभर टिकतो आणि शंका दुप्पट होऊन परत येते. त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे वेगळे उपचार लागतात, आणि ते ओसीडीवर असतात, समलैंगिकतेवर नव्हे. या मुलाला तसं काही नव्हतं. त्याला लाज होती.

मग कागदावर चार रकाने आखले: देव, वचन, मंडळी (म्हणजे चर्चमधले लोक), घर. भीतीचं प्रत्येक वाक्य कुठल्या तरी एका रकान्यात लिहायचं. "प्रभुभोजन (चर्चमधला भाकरी-द्राक्षारसाचा विधी) मिळणार नाही" मंडळीत गेलं. "आई अंथरूण धरेल" घरात. "मी नरकात जाणार" त्यानं देवाखाली लिहिलं. हे तुला कुणी आणि कधी सांगितलं, असं विचारल्यावर आठवलं की चौदाव्या वर्षी, युवक शिबिरातल्या एका वक्त्यानं. वाक्य मंडळीत हललं. दोन आठवड्यांनी देवाचा रकाना बराच मोकळा झाला होता. सगळा गुंता एकदम सोडवायला गेलं की काहीच सुटत नाही, म्हणून ही वाटणी.

वचनांकडे वळलो ते यानंतर. वाद घालणारे फिरून फिरून त्याच मोजक्या ओळींवर येतात: उत्पत्ति 19, लेवीय 18:22 आणि 20:13, रोम 1:26-27, 1 करिंथ 6:9, 1 तीमथ्य 1:10. त्या पूर्ण अध्यायासकट वाचायच्या. सदोमचं पाप सांगताना यहेज्केल 16:49 मध्ये गर्व, सुबत्ता आणि गरिबाला हात न देणं येतं. यशया 56 मध्ये देव षंढांना आपल्या मंदिरात मुलामुलींहून थोर नाव देतो. पण षंढ म्हणजे समलैंगिक नव्हे, आणि रोम 1 चा पारंपरिक अर्थ लावणारे सगळेच द्वेषानं बोलत नाहीत, हेही त्याला सांगावंच लागतं. सोयीचीच बाजू दाखवली तर रविवारी दुसरी बाजू कानावर पडते आणि मुलाला आपली फसवणूक झाली असं वाटतं. अर्थ त्यानं लावायचा. समुपदेशकानं पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, होऊ नये.

पाळकांना सांगावं का? घाई करू नये. कॅथलिक असता तर कबुलीजबाबात बोललेलं फादरना कुठेही उघड करता येत नाही, तसं केल्यास त्यांना बहिष्काराची शिक्षा आहे. बहुतेक प्रोटेस्टंट पाळकांवर तसलं बंधन नसतं, आणि चर्चच्या कमिटीत चुलते-मामे बसलेले असतात. म्हणून आधी चाचपणी: "पाळकसाहेब, एखाद्या घरातला मुलगा समलैंगिक निघाला तर त्या घराला तुम्ही काय सांगाल?" उत्तर ऐकायचं. ठीक वाटलं तर दुसरा प्रश्न: "मी बोललेलं कमिटीला किंवा माझ्या घरी कळेल का?" दोन्हींना साफ उत्तर मिळाल्याशिवाय स्वतःचं काही सांगायचं नाही.

लग्न मात्र लगेच थांबवायला हवं होतं. त्यासाठी समलैंगिक असल्याचं सांगणं गरजेचं नाही, "मला हे लग्न करायचं नाही" एवढं पुरतं. "लग्नानंतर सगळं ठीक होतं" म्हणणारे त्या मुलीचा विचारच करत नाहीत. त्यानं नकार दिला. आठवडाभर घरात अबोला होता.

मग त्यानं ताईला सांगितलं, आणि महिन्यानं आईला. नाताळ, ईस्टर किंवा कुणाची माती झाल्यानंतरचे दिवस टाळले. साधा मंगळवार निवडला, ताई सोबत होती, रात्रीपुरती मित्राची खोली ठरवून ठेवली होती. वाक्यं आधी लिहून पाठ केली, वचनांवर वाद घालायचा नाही हेही ठरलं होतं. आई रडली आणि म्हणाली, "माझ्या प्रार्थनेत काही कमी पडलं का रे?" या प्रश्नाची त्याची तयारी होती. "नाही गं आई, मी आजारी नाहीये," तो म्हणाला.

त्याला मित्राकडे जावं लागलं नाही. नंतर आई स्वतःसाठी वेळ मागून आली. तिच्या भेटी वेगळ्या ठेवल्या, मुलगा काय बोलतो ते तिला सांगितलं जात नाही, आणि तिचं त्याला. वडिलांना कधी सांगायचं हे तो ठरवेल. तोवर आईनं हे महिला मंडळाच्या प्रार्थनेत, नाव न घेतासुद्धा, मांडायचं नाही एवढं तिच्याशी स्पष्ट बोलून घेतलं आहे.